रक्तातील ऑक्सिजनची देवघेव

ऑक्सिजन पाण्यात फारच थोडा विरघळतो. रक्तद्रवाचीही तीच स्थिती आहे. फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या एक लिटर रक्तात केवळ विरघळलेल्या स्वरूपात सुमारे ३ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे लोटते. म्हणजे या मार्गाने शरीरास मिनिटाला अवघा १५ मिलिलिटर ऑक्सिजन मिळेल. विश्रांती घेत असलेल्या माणसाची गरज मात्र सुमारे २५० मिलिलिटर असते. ही तूट भरून काढणारा पदार्थ म्हणजे हीमोग्लोबिन होय. त्याच्यामुळे तेवढ्याच रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन सामावतो.

हीमोग्लोबिन तांबड्या पेशींत असते. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे ५० लक्ष पेशी असतात. हीमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असून प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धारण करतो.

परंतु नुसते धारण करून भागत नाही. योग्य ठिकाणी तो सोडताही आला पाहिजे. ऑक्सिजनचा पहिला रेणू जोडला गेला की हीमोग्लोबिनची घडण बदलू लागते व पुढील रेणू अधिक सहजतेने जोडले जातात. उलटपक्षी, एक सुटला की इतरही सुटू लागतात. कार्बन डाय-ऑक्साइड वाढला असता ऑक्सिजन अधिक सहज सुटतो, हे डेन्मार्कमधील क्रिस्तियान बोर व त्यांचे सहकारी यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. श्रम करणाऱ्या स्नायूंत हा वायू अधिक निर्माण होतो, उष्णता व आम्लताही वाढते. त्यामुळे जेथे गरज अधिक, तेथेच ऑक्सिजन अधिक प्रमाणात सोडला जातो.

या व्यवस्थेत बिघाड झाल्यास काय होते, हे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवरून कळते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपल्यास हा रंगहीन, गंधहीन वायू साचतो. हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एवढेच नव्हे, तर त्याच रेणूवरील उरलेला ऑक्सिजनही मग सहजासहजी सुटत नाही. म्हणूनच पांडुरोगाने निम्मे हीमोग्लोबिन गमावलेला माणूस हिंडूफिरू शकतो. परंतु ज्याचे निम्मे हीमोग्लोबिन या वायूने व्यापले आहे, त्याच्या जिवावर बेतते. रक्त तर लालभडक दिसत असते. ऊती मात्र ऑक्सिजनवाचून गुदमरत असतात.