शिकार, शेती आणि मांसाहार : एक विचार

भाताच्या लोंब्या भरू लागल्या व नागलीची कणसे वळू लागली, म्हणजे सुरगाणा तालुक्यातील शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. ती शेतातील माळ्यावर जाते. रानडुकरांचा कळप एका रात्री शेतात शिरला, तर चार महिन्यांची मेहनत चिखलात मिसळते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता अशा नुकसानीचे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले. कागदावरील आकडा आणि शेतकऱ्याच्या घरची रिकामी कणगी यांचा मेळ क्वचितच बसे.

त्यांपैकी एक पंचनामा आम्ही अद्याप विसरलो नाही. एका गावी एका शेतकऱ्याने डुकरांसाठी बांधावरून विजेची उघडी तार ओढली होती. पहाटे शेजारचा गृहस्थ सुटलेला बैल शोधीत त्या वाटेने गेला, आणि तारेस चिकटून जागीच मेला. डुकरे त्या रात्री भलत्याच शेतात होती. तार ओढणारा मनुष्य दुष्ट नव्हता. लागोपाठ दोन हंगाम बुडाल्यामुळे तो जेरीस आला होता. परिणाम असा झाला की एका घरचा कर्ता गेला, दुसऱ्या घरचा कर्ता खटल्यात अडकला, आणि पुढील वर्षी दोन्ही शेते पडीक राहिली.

शिकारीचा विचार आम्ही त्या दिवसापासून करू लागलो. आम्ही स्वतः मांसाहारी आहोत, आणि लहानपणी गलोलीने होले पाडण्यात आम्हीही मागे नव्हतो. तेव्हा सोवळेपणाने कोणास उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही, व तसा हेतूही नाही. जनावर मारण्याचा व मांस खाण्याचा एकंदर खर्च किती, आणि तो कोणाच्या खाती पडतो, एवढाच हिशेब वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

जुनी चाल

आमच्या भागात कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल या लोकांची वस्ती मुख्य. धनुष्य, जाळे, कुत्री व हाका ही त्यांची शिकारीची साधने होती. त्यांत श्रम फार, आणि यश थोडे. त्यामुळे जे हाती लागे त्यास आपोआपच मर्यादा पडत असे. शिवाय मर्यादेची शिकवण सणावारांतूनही होती. पावसाळ्याच्या आरंभी उगवणारी तेरा ही आळूसारखी रानभाजी देवास दाखविल्यावाचून कोकणा मनुष्य तोंडात घालीत नाही. आश्विन वद्य द्वादशीस देशावर वसुबारस होते व गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीस आमच्या डोंगरात वाघबारस होते व गुराखी वाघदेवास नैवेद्य दाखवितात. गाय आणि गाईस खाणारा, दोघांचाही मान एकाच दिवशी! रानात दोघांस जागा आहे, एवढे शहाणपण या चालीत साठविलेले आहे.

तथापि जुने ते सर्व सोने, असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी अमदानीत संस्थानिक व गोरे अंमलदार करमणुकीखातर शिकार करीत, आणि वाघ-बिबटे मारणारास सरकार बक्षीस देई. सुरगाणा संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत देशातील पुष्कळ जंगलांतून वाघाचे उच्चाटन होत आले होते. डुकरास खाणारा गेला, डुक्कर मात्र राहिले. आज माळ्यावर जागणारा शेतकरी त्या बक्षिसांचे व्याज अंशतः भरीत आहे.

पिल्लांचा हिशेब

शेतकऱ्यास बियाण्याचा हिशेब सांगावा लागत नाही. जेवढे पेरण्यास ठेवावयाचे तेवढे बाजूस काढून मगच उरलेले खावे, हे तो जाणतो. रानालाही हाच नियम लागू आहे. रानडुकरीण एका वितीस साधारण चार ते सहा पिल्ले देते. उलट खवले मांजरास एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, व मालढोक पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो. ज्याचे बीज इतके थोडे, त्याची एक मादी मारणे म्हणजे कणगीतले बियाणेच दळणे होय.

मालढोकाची गोष्ट डोळ्यांत अंजन घालणारी आहे. सोलापूरजवळील नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. परंतु एकीकडे शिकार व दुसरीकडे माळरानाची मोडणी यांमुळे तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. संरक्षण आले, पण बियाणे संपत आल्यावर आले. याउलट आपल्याच जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याच्या पाण्यास वेळीच संरक्षण मिळाले, म्हणून तेथे दर हिवाळ्यास हजारो पाहुणे पक्षी उतरतात. रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

आणखी एक गोष्ट. जी जनावरे आमची मुले गलोलीने वा फासाने मारतात, त्यांतील बहुतेक शेताची चाकर आहेत. घुबड व धामण उंदीर खातात. कोल्हाही उंदीर मारतो. खवले मांजर वाळवी व मुंग्या यांवरच जगते. घोरपडीचे मांस औषधी म्हणून तिला मारतात. ती जिवंत असता किडे व उंदीर खाते, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. बिनपगारी चाकर मारून त्याच्या जागी विषारी औषधाची बाटली विकत आणणे, हा व्यवहार कोणत्या वहीत नफ्याचा ठरेल?

ओढ्यांची गोष्टही अशीच. पहिल्या पुरात मासे अंडी घालण्यास प्रवाहाच्या उलट चढतात, आणि नेमके तेव्हाच आम्ही त्यांच्या वाटेवर जाळी व झापे लावतो. पोटाशी पिल्ले धरलेली खेकडीही त्याच दिवसांत सापडते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. नार व पार या आमच्या नद्यांच्या ओढ्यांवर असा पहारा कोण ठेवणार? तो गावानेच ठेविला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

पुष्कळ बांधवांस वाटते की शिकारबंदी ही अलीकडची अडचण आहे. वस्तुतः रानपशू व पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा १९१२ साली झाला, मुंबई राज्याने १९५१ साली आपला स्वतंत्र कायदा केला, आणि सांप्रत चालू असलेला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात बंदुकीने मारणे एवढीच शिकार नव्हे. फास लावणे, विष घालणे, पकडणे, अंडी वा घरटी मोडणे, हेही शिकारीतच येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सामान्य गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी कैद तीन वर्षांहून कमी नाही व ती सात वर्षांपर्यंत जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आमच्या तालुक्यातील अनेक कुटुंबांस जमिनीचे पट्टे मिळाले. त्याच कायद्यात पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांनी वगळला आहे, आणि वन्यप्राण्यांचे रक्षण करण्याचा अधिकार व भार ग्रामसभेवर सोपविला आहे. पट्टा घ्यावा आणि हे कलम विसरावे, हे बरे नव्हे.

मग पीक कसे राखावे

येथे शेतकरी विचारील, “डुक्कर आमचे ताट ओढून नेते, आणि तुम्ही आम्हांस दया शिकविता काय?” हा प्रश्न रास्त आहे. पिकाचे रक्षण करणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. केवळ चवीसाठी वा मौजेसाठी भेकर, ससा, मोर मारणे आणि पिकासाठी उपद्रवी डुक्कर हटविणे, या दोन गोष्टी आम्ही एका पारड्यात घालीत नाही. कायदाही घालीत नाही. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकराच्या पारधीस वन खात्याच्या परवानगीने वाट आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्याबाबत निर्णय काढला. मात्र मेलेले जनावर सरकारजमा होते, ते शिजविता येत नाही. ही अट आम्हांस योग्य वाटते. कारण जेथे मांसाचा लोभ संपतो तेथे परवानगी खऱ्या गरजेपुरतीच मागितली जाते.

आमचा खरा विरोध आहे तो आंधळ्या साधनांस. तार, फास आणि स्फोटक गोळा यांस डोळे नाहीत. गोळ्याने गाईचा जबडा फुटतो, फासात बिबट्या अडकतो, आणि तारेवर शेजारी मरतो. जो मारणारा आपण काय मारीत आहोत हे पाहत नाही, त्यास ना शिकारी म्हणता येईल, ना राखणदार.

यांऐवजी पुढील उपाय आहेत. एक, पाड्यातील सर्व शेतांची राखण पाळीपाळीने व एकत्र करावी. एकट्याच्या आरोळीने डुक्कर शेजाऱ्याच्या शेतात जाते, इतकेच होते. दोन, सौर कुंपण. त्याच्या यंत्रातून तारेत वीज सतत वाहत नाही. सुमारे एका सेकंदास एक, असा अतिसूक्ष्म काळाचा झटका येतो. जनावर दचकते, मरत नाही. खांबावरून आकडा टाकून घेतलेली वीज आणि ही वीज यांत जीवनमरणाचे अंतर आहे. तीन, नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनरक्षक वा वनपाल यांस लेखी कळवावे व पोच घ्यावी. आमच्या अनुभवाने सांगतो, पुष्कळ अर्ज नुकसान खोटे म्हणून नव्हे, तर उशिरा आले म्हणून पडून राहतात. बिबट्याने गुरू मारल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत खबर द्यावी, आणि पंचनाम्यापूर्वी मेलेले जनावर जागेवरून हलवू नये.

पाळलेल्या जनावराचे मांस

रानचे जनावर सोडले म्हणजे मांसाहाऱ्याचा हिशेब संपला, असेही नाही. पाळलेले जनावर आपल्या खाद्याच्या रूपाने जमीन व पाणी खाते. धान्याच्या एका किलोस जगाच्या सरासरीने सुमारे सोळाशे लिटर पाणी लागते. कोंबडीच्या मांसास सुमारे चार हजार तीनशे, शेळी-मेंढीच्या मांसास आठ हजारांच्या पुढे, आणि गोवंशाच्या मांसास पंधरा हजारांच्या पुढे. यातील बहुतेक पाणी पावसाचेच, हे खरे. पण चारा व खाद्य पिकविण्यास जमीन लागतेच. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू निघतो व तो हवेची उष्णता वाढवितो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मनुष्यकृत उष्णतावर्धक वायूंपैकी साडेचौदा टक्के पशुपालनाचे ठरविले होते. २०२३ च्या तिच्या हिशेबात तो वाटा सुमारे बारा टक्के आला. यात दुधाची जनावरेही आली, तेव्हा दूध पिणाराने मांस खाणाराकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये.

परंतु हा भार सर्वांवर सारखा नाही. भारतात दर माणशी वर्षास सुमारे सात किलो मांस येते. जगाची सरासरी चाळीस किलोंहून अधिक आहे. अंगणात दाणे व किडे वेचणारी गावठी कोंबडी सणास कापणारा पाड्यावरचा मनुष्य पृथ्वीवर फार मोठा बोजा टाकीत नाही. पिंजऱ्यातील कोंबडीस मात्र किलोभर वजनासाठी पावणेदोन किलोंच्या आसपास मका व सोयापेंडीचे खाद्य लागते, म्हणजे ती कोणा तरी शेताचे पीक खाऊनच वाढते.

आमच्या भागात खरा प्रश्न शेळीचा आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आहेत. शेळी ही गरिबाची गाय, हे आम्ही नाकारीत नाही. मनुष्यास न पचणारा पाला ती दुधा-मांसात बदलते. पण मोकळी सोडलेली शेळी ऐनाच्या, मोहाच्या कोवळ्या फुटव्यास तोंड लावते, आणि डोंगर वर्षानुवर्षे खुरटा राहतो. खुरट्या डोंगरावरून पाणी धावत जाते, माती नेते, आणि मार्गशीर्षातच ओढा आटतो. ज्याचे भेकरू आम्ही मारले नाही, त्याचे रान आमच्या शेळ्यांनी संपविले, तर त्या भेकराने आमचे उपकार का मानावेत? म्हणून बांधावर शेवरी व सुबाभूळ लावून शेळ्या अर्धबंदिस्त ठेवाव्यात; नवीन फुटव्याचा भाग गावाने तीन-चार वर्षे चराईस बंद ठेवावा. लेंडीखत घरी साठते, हा वरचा लाभ.

उपसंहार

तात्पर्य, येत्या ग्रामसभेत चार ठराव करावेत अशी आमची विनंती आहे. उघडी तार, फास व गोळा गावात कोणी लावणार नाही. मुलांच्या हातच्या गलोली शाळेत जमा कराव्यात. पहिल्या पुराचे पंधरा दिवस ओढ्यात जाळे टाकू नये. आणि डोंगराची एक सोंड चराईस बंद ठेवावी. या चारांस सरकारी पैसा लागत नाही. एकमेकांच्या शब्दावर विश्वास लागतो.

मांस खावे की न खावे, हे ज्याने त्याने आपल्या कुळाचाराप्रमाणे व बुद्धीप्रमाणे ठरवावे. पण आपल्या ताटात जे येते त्याची किंमत शेजाऱ्यास, रानास अथवा नातवास भरावी लागू नये, एवढी काळजी प्रत्येकास घेता येईल. वर सांगितलेल्या पंचनाम्यावर मृताच्या पत्नीचा अंगठा आम्हीच घेतला होता. शाईच्या गादीवर अंगठा ठेवण्यापूर्वी ती एवढेच म्हणाली, “भाऊ, डुक्कर तरी मेलं का?” त्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस तेव्हा जमले नाही.