मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड किती काळ?

सात रस्ता येथील आपल्या रुग्णालयात पुण्या-मुंबईस मूत्रपिंड प्रत्यारोपण करून परतलेले रुग्ण पुढील तपासणीसाठी येतात. त्यांच्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, तोंड सुजलंय, ती छोटी गोळी बंद केली तर चालेल का?" ही गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर परके मानते व त्यावर हल्ला करते. १९५४ साली बोस्टन येथे झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते, म्हणून तेथे हा विरोध उद्भवला नाही. इतर रुग्णांत तो दाबण्यासाठी १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिनच्या जोडीला स्टेरॉइड मोठ्या मात्रेत देणे भाग होते. मूत्रपिंड वाचे, पण रुग्णास त्याची जबर किंमत मोजावी लागे : मधुमेह, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे, खुब्याच्या सांध्याची झीज आणि जंतुसंसर्ग. आपल्याकडे क्षयरोगाचे भय त्यात अधिक. मुलांची उंचीही खुंटते.

पुढे सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस व मायकोफेनोलेट ही औषधे आली आणि स्टेरॉइडची मात्रा उतरवणे शक्य झाले. आज बहुतेकांची मात्रा काही महिन्यांत दिवसास ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणली जाते. मग पूर्णच का थांबवू नये? अमेरिकेत ३८६ रुग्णांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींचे स्टेरॉइड सातव्या दिवशी बंद केले, तर काहींना अल्प मात्रेत चालू ठेवले. पाच वर्षांनी मूत्रपिंड टिकण्याचे प्रमाण दोहोंत जवळपास सारखेच होते. मात्र औषध बंद केलेल्यांत शंभरातील सुमारे १८ जणांना, तर चालू ठेवलेल्यांत सुमारे ११ जणांना तीव्र नकाराचा झटका आला. म्हणूनच २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या रुग्णांत, सुरुवातीस विशेष इंजेक्शने दिली असल्यास, पहिल्या आठवड्यातच स्टेरॉइड थांबवता येते. त्यापुढे चालू राहिले असल्यास ते चालू ठेवणेच बरे.

घरच्या घरी गोळी बंद करणे तर फारच घातक. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइड तयार करणाऱ्या ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. गोळी एकाएकी थांबल्यास उलट्या, ग्लानी व रक्तदाब घसरणे असे प्रकार घडतात. मूत्रपिंडावरील हल्ल्याचा धोका वेगळाच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. प्रेडनिसोलोन हे या साऱ्या औषधांतील सर्वांत स्वस्त. ते कमी केले की सारा भार टॅक्रोलिमससारख्या महाग औषधांवर पडतो व रक्तातील त्याची पातळी वरचेवर मोजावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन सुरू केल्यास ही पातळी झपाट्याने खाली येते. पैशाअभावी तपासणी चुकवणाऱ्या कुटुंबाच्या रुग्णाचे स्टेरॉइड कमी करण्यास आम्ही म्हणूनच कचरतो. तोंडाची सूज पाहून वाईट वाटते, तरीही. आपल्या देणग्यांतून गरजू रुग्णांच्या या रक्ततपासणीचा खर्च प्रथम भागवला जावा, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.