चिमणी घेताना आधी पाइप बघा

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात स्वयंपाकघराची चिमणी घ्यायला गेलं की दुकानदाराच्या तोंडून आधी आकडा येतो. तासाला १००० घनमीटर, १२००, १५००. मग तो चिमणीच्या जाळीला कागद चिकटवून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश. आम्ही तिथल्याच झोन टूमधून १२०० ची घेतली. पाइप कुठला लावणार, असं विचारलं तर म्हणाला, "मैडम, पाइप तो पाइप है. फ्री में लग जाएगा."

तो फुकटचा पाइप अ‍ॅल्युमिनियमचा, घड्याघड्यांचा निघाला. फिटरने तो कपाटामागून वेटोळे देत खिडकीबाहेर काढला. त्यानंतर ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर पडल्या की मोटर नुसती घोंघावायची आणि ठसका थेट बैठकीत. चिमणी धुऊन झाली, मेकॅनिक येऊन गेला, फरक शून्य. शेवटी पाइपच उतरवला. खालच्या घडीघडीत तपकिरी, बोटाला तार सुटेल असं तेल साचलं होतं आणि कपाटामागच्या वळणावर पाइप चेपून निम्मा झाला होता.

डब्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइप लांबला, वळला की तो उतरतो.

पाइप कसा हवा, हे तुलनेने कळतं: थंड देशांतल्या लाकडाच्या शेगडीला मोटर नसते. गरम धूर आपला आपण वर चढतो, म्हणून तिथे स्टीलचा दुहेरी पाइप, मध्ये उष्णतारोधक थर. धूर निवला की ओढ मंदावते, आत डांबरासारखा थर धरतो आणि तो पेटूही शकतो. आपल्याकडे ओढायचं काम मोटरचं, त्यामुळे तेवढा खर्च करायची गरज नाही. पण तेलाची वाफ पाइपच्या भिंतीवर बसतेच आणि तीही पेट घेऊ शकते. म्हणून पाइप आतून गुळगुळीत हवा, आखूड हवा, आणि शक्यतो एकाच वळणात बाहेर पडणारा हवा. चिमणीचं तोंड सहा इंची असेल तर पुढे चार इंची करू देऊ नका. आडव्या भागाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर तेल उलटं मोटरवर येतं.

स्टीलचा घेणार असाल तर चुंबकावर विसंबू नका. "चिपका नहीं, मतलब ३०४" हे अर्धसत्य आहे. ३०४ आणि २०२ या स्टेनलेस स्टीलच्या प्रती; २०२ लाही चुंबक धरत नाही, आणि त्यात निकेल कमी असतं, ते लवकर गंजतं. बिलावर '३०४' लिहून घ्या. खरं तर घरगुती चिमणीला जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा गुळगुळीत पाइपही पुरतो, दुकानदार काहीही म्हणो.

शेगडी आणि चिमणीत साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा, पण त्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच धरा. समोरची एखादी खिडकी उघडी हवी, आत हवा येईल तेवढीच बाहेर जाणार. खिडक्या बंद आणि घरात गॅस गीझर असेल तर जोरदार चिमणी त्याची जळकी हवा घरात ओढू शकते, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गीझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत हलवा.

भिंतीला भोक पाडण्याआधी फिटरला जागेवर बोलवा. पाइप इमारतीच्या शाफ्टमध्ये सोडतो म्हणाला तर नको सांगा, वरच्यांच्या घरात आपली फोडणी जाते. बाहेरच्या तोंडाला झडप बसवून घ्या, पावसाळ्यासाठी आणि कबुतरांसाठीही.