नावाची गाडी की कामाची गाडी?

अर्थशास्त्राच्या तासाला ‘मागणी व पुरवठा’ शिकताना मला आकुर्डी आठवते. येथील बजाज कारखान्याची ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली निघाली. परवाना-पद्धतीच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरहून महाग विकली जाई. नावावरची आपली निष्ठा अशी टंचाईत रुजली.

आज टंचाई नाही. २००१ साली आलेली ‘पल्सर’ चाकणलाच तयार होऊ लागली. निष्ठा मात्र तशीच उरली आहे.

माझे वडील चाकणला कंत्राटी कामगार आहेत. नवी गाडी म्हणजे तीन वर्षांचे हप्ते, आणि कामाचा भरवसा सहा महिन्यांचाही नाही. त्यांनी जुनी गाडी घेतली, तेव्हा मित्र हसले. मलाही ओशाळल्यासारखे झाले. पुढे ‘घसारा’ शिकलो. नव्या गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरते. ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. वाचलेल्या पैशांत माझी फी भरली गेली.

मात्र जुनी गाडी डोळसपणे घ्यावी. नोंदणी १५ वर्षांची असते. किती उरली ते पाहावे. कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, हे तपासावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते.

मित्रहो, टाकीवर नाव कोणाचेही असो, आर. सी. बुकावर मात्र आपलेच हवे.