कानामागे न रुतणारा कापडी हेअरबँड

शाळेतून घरी आल्या आल्या पोरगी दप्तराच्याही आधी काय काढून ठेवते? हेअरबँड. प्लॅस्टिकचा असेल तर त्याचे दात टोचतात. बारीक इलॅस्टिकचा असेल तर कानामागे लाल वळ उठतो. त्यात आमच्या हदगावचा उन्हाळा, म्हणजे घामाने खाज ठरलेलीच. आज आपण सुती कापडाचा असा बँड शिवू, जो दिवसभर डोक्यावर राहील आणि तरी घालणारीला त्याची आठवणही येणार नाही. मशीन असेल तर उत्तम. नसेल किंवा ऐनवेळी लाईट गेली, तर सुईदोऱ्याने बारीक टाके घालूनही हे काम होतं.

सामान एकदाच काढून ठेवा: जुनी मऊ सुती साडी किंवा धोतर, पाऊण इंच रुंदीचं मऊ इलॅस्टिक, पंच्याचा किंवा पातळ टॉवेलचा छोटा तुकडा, टेप, शिंप्याचा खडू, कात्री, सुई, सुती दोरा, चार सेफ्टी पिना आणि कालचा पेपर. इलॅस्टिक दुकानात हातात घेऊन दुपटीपर्यंत ताणून सोडा. लगेच मूळ लांबीवर आलं तरच घ्या. पायजम्यात घालतात ते ताठ, कडा टोचणारं इलॅस्टिक इथे चालणार नाही. कापड नवंच हवं असेल आणि नांदेडला जाणं होणारच असेल, तर खादी भांडारातून बारीक सुताची खादी आणा. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची, म्हणजे जिथे राष्ट्रध्वज तयार होतो तिथली, खादी नांदेडला मिळते. फक्त जाड पोताची घेऊ नका. जाड कापडाची शिवण कितीही नीट घातली तरी टोचते.

आता बँड घालणारीला समोर बसवा आणि सुरू करा.

१. तिला तिचा जुना बँड अर्धा तास घालू द्या. ही पायरी वेळखाऊ वाटेल, पण गाळू नका. सगळं डिझाइन इथूनच ठरणार आहे.

२. बँड डोक्यावर असतानाच तिला विचारा, “कुठं दुखतंय? बोट ठेवून दाखव.” तुम्ही अंदाज बांधू नका, तिलाच दाखवू द्या. बहुतेक वेळा बोट कानामागे जातं. कधी कपाळाच्या कडेला, कधी मानेवर जातं. सगळ्या जागा कागदावर लिहून ठेवा.

३. बँड काढा आणि तिच्या कानामागे अंगठा फिरवा. कानाच्या पाळीमागे एक टणक उंचवटा लागेल, ते हाड. त्याच्यावर मांस फारसं नसतं, म्हणून गाठ, जोड किंवा इलॅस्टिकची कड तिथे आली की ती रुततेच. पुढची पट्टी आणि मागचं इलॅस्टिक यांचा जोड आपल्याला या हाडाच्या एक इंच मागे न्यायचा आहे. एवढी एक गोष्ट साधली तर निम्मं काम झालं.

४. केस नेहमी घालते तसेच घालू द्या. दोन वेण्या असतील तर दोन वेण्या, अंबाडा असेल तर अंबाडा. मोकळ्या केसांवर माप घेतलं की वेण्या घातल्यावर बँड घट्ट होतो.

५. पहिलं माप घ्या: एका हाडाच्या एक इंच मागून निघून, डोक्यावर जिथे बँड बसतो तिथून, दुसऱ्या हाडाच्या एक इंच मागेपर्यंत. टेप ओढू नका, नुसता टेकवा. आपण इथे १५ इंच धरू. तुमचं माप वेगळं येईल, तेच घ्या.

६. दुसरं माप घ्या: त्याच दोन टोकांमधलं अंतर, मानेच्या बाजूने, वेण्यांच्या खालून. हे आपण ६ इंच धरू.

७. कापड गरम पाण्यात धुऊन वाळवा. नवी खादी असेल तर हे दोनदा करा. शिवल्यावर आटलेला बँड पुन्हा डोक्यात जात नाही.

८. कापड उजेडात धरून पाहा. विरलेला, जाळीसारखा दिसणारा भाग सोडून द्या. साडीचा घडीतला, कमी झिजलेला भाग निवडा.

९. कापडाला इस्त्री करा.

१०. पेपरवर पुढच्या पट्टीचा कागद कापा: लांबी पहिल्या मापापेक्षा एक इंच जास्त, म्हणजे १६ इंच, आणि रुंदी ७ इंच.

११. कागद रुंदीत निम्मा दुमडा. आता तो १६ बाय साडेतीन इंच झाला. घडीची बाजू कपाळाकडे आणि मोकळी बाजू मागे येणार आहे. घडीच्या बाजूवर “पुढे” असं लिहून टाका, नाहीतर पुढच्या पायरीला हमखास उलटं होतं.

१२. मोकळ्या बाजूने दोन्ही टोकं निमुळती कापा. टोकापासून ४ इंचांवर सुरुवात करून टोकाला रुंदी दीड इंच राहील असा तिरपा काप द्या. बरेच जण इथे टोकाला चुण्या घालून पट्टी अरुंद करतात. चुण्या दिसायला छान, पण कापडाचे पाच-सहा पदर एकावर एक चढतात आणि नेमके कानामागे गोळा होतात. आपल्याला चुण्या नकोच.

१३. कागद घडीसकट तिच्या डोक्यावर ठेवून पाहा. टोकं हाडाच्या मागे पोचली पाहिजेत आणि कान झाकले जायला नकोत. कान झाकले जात असतील तर तिरपा काप ५ इंचांवरून सुरू करा. कागद फुकट गेला तरी चालेल, कापड जाऊ देऊ नका.

१४. कागद उलगडून कापडावर ठेवा आणि पट्टी कापा. पट्टीची लांबी साडीच्या लांबीच्या दिशेने घ्या. आडवी कापली तर बँड महिनाभरात सैल पडतो.

१५. मागच्या इलॅस्टिकच्या नेफ्यासाठी दुसरी पट्टी कापा: लांबी दुसऱ्या मापाच्या दीडपट अधिक एक इंच, म्हणजे १० इंच, आणि रुंदी अडीच इंच. इलॅस्टिक ताणायला मोकळीक हवी म्हणून ही लांबी जास्त आहे. इथे कापड वाचवायला जाऊ नका.

१६. पुढची पट्टी सुलटी बाजू आत ठेवून लांबीत दुमडा आणि मोकळ्या कडेने पाव इंच सोडून टीप मारा. दोन्ही टोकं उघडीच ठेवा.

१७. पट्टीच्या एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून, ती आतून सरकवत पट्टी सुलटी करा. पेन्सिलीने ढोसू नका, जुनं कापड फाटतं.

१८. शिवण बरोबर मागच्या काठावर येईल अशी पट्टी बसवून इस्त्री फिरवा. शिवण मधोमध आली तर ती थेट डोक्याच्या कातडीवर घासते.

१९. नेफ्याची पट्टीही तशीच शिवा: सुलटी बाजू आत, पाव इंचावर टीप.

२०. नेफा सुलटा करा. एक इंच रुंदीची नळी तयार होईल.

२१. नेफ्याची शिवण या वेळी मधोमध आणा आणि दाबा. ही बाजू बाहेरची. मानेला लागेल ती गुळगुळीत बाजू. खडूने बाहेरच्या बाजूवर फुली मारून ठेवा.

२२. इलॅस्टिक ७ इंच कापा.

२३. एका टोकापासून ६ इंचांवर पेनाने खूण करा. हिशेब सोपा आहे: दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा इंच जोडात जाईल, मधे ५ इंच उरेल आणि ते मानेवर ६ इंचांपर्यंतच ताणलं जाईल. दुसऱ्या मापापेक्षा एकच इंच कमी. याहून आखूड ठेवायचा मोह होईल, “म्हणजे निसटणार नाही” असं वाटेल. ठेवू नका. पकड कशी आणायची ते पुढे येतंय.

२४. इलॅस्टिकचं कोरं टोक, म्हणजे खुणेपासून लांबचं टोक, नेफ्याच्या तोंडाशी चार टाके घालून पक्कं करा. हे आधी केलं नाही तर ओवताना सगळं इलॅस्टिक आत पळतं.

२५. दुसऱ्या टोकाला सेफ्टी पिन लावून इलॅस्टिक नेफ्यातून ओवा. वाटेत पीळ पडला तर लगेच मागे ओढा. पीळ पडलेलं इलॅस्टिक दोरीसारखं रुततं.

२६. पेनाची खूण नेफ्याच्या दुसऱ्या तोंडावर येईपर्यंत ओढा आणि तिथे सेफ्टी पिन लावा. उरलेला एक इंच बाहेरच्या अंगाला वळवून ठेवा, कापू नका.

२७. पुढच्या पट्टीची दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा.

२८. नेफ्याचं एक टोक पट्टीच्या एका टोकात अर्धा इंच सरकवून सेफ्टी पिनेने अडकवा. पिनेचं तोंड बाहेरच्या बाजूला असू द्या. टाचणी वापरू नका, पुढच्या पायरीला बँड डोक्यावर जाणार आहे.

२९. दुसरं टोकही तसंच अडकवा. आधी नेफ्याला पीळ नाही ना आणि फुलीची बाजू बाहेर आहे ना, ते पाहा.

३०. बँड तिच्या गळ्यात घालून, मग वर ओढून बसवा. वरून खाली दाबत घातला की इलॅस्टिक वेण्यांत अडकतं आणि केस उपटले जातात.

३१. तिला अर्धा तास तिचं नेहमीचं काम करू द्या. पुस्तकात मान घालून वाचू दे, अंगणात पळू दे, वावरात जाणाऱ्या बाईसाठी शिवत असाल तर वाकून झाडलोट करू द्या आणि डोक्यावरून पदर घेऊन पाहू द्या. या वेळात तिला ज्वारीची भाकर खायला जरूर द्या. बोटं कानशिलावर ठेवून स्वतः घास चावून बघा: प्रत्येक घासाला तिथला स्नायू फुगतो. नुसतं आरशासमोर बसून ठीक वाटलेला बँड जेवताना आवळायला लागतो तो यामुळेच. तामशाच्या बारालिंग मंदिरातल्या भाजी-भाकरीच्या पंगतीला तो घालून जायचा असेल, तर परीक्षा भाकरीनेच झालेली बरी!

३२. बँड काढा आणि लगेच कातडी पाहा. कानामागे, कपाळावर, मानेवर. पुसट घडी उठली असेल आणि पाच मिनिटांत गेली तर बँड जमला. लाल वळ असेल तर तो नेमका कुठे आहे, ते दुसऱ्या पायरीच्या कागदाशी ताडून पाहा.

३३. वळ मानेवर असेल तर इलॅस्टिक अर्धा इंच सैल सोडा. एक इंच राखून ठेवला तो यासाठीच.

३४. वळ कानामागे असेल तर जोड पाहा. तो हाडावर आला असेल तर पुढची पट्टी एक इंच जास्त लांब कापून नव्याने करा. इथे इलॅस्टिक सैल करून उपयोग नाही, जोड हाडावरच राहतो.

३५. बँड मागे सरकत असेल तर पंच्याचा ४ बाय १ इंचाचा तुकडा कापा.

३६. तो तुकडा पुढच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, माथ्यावर येईल तिथे, धावदोऱ्याने शिवा. तेल लावलेल्या केसांवर गुळगुळीत कापड घसरतं, पंच्याचं खरबरीत पोत केसांना धरून राहतं. पकड कापडाने द्यायची, आवळून नाही. लोक नेमकं उलटं करतात, म्हणून बँड डोकं दुखवतो. टाके फक्त आतल्या पदरातून घ्या, म्हणजे वरून काहीच दिसणार नाही.

३७. बँड पुन्हा घालून पाहा. काही बदललं असेल तर परत अर्धा तास. तिने “आता बरं वाटतंय” म्हटलं म्हणून घाई करू नका, कातडी पाहूनच ठरवा.

३८. इलॅस्टिकच्या सैल टोकाला, शेवटी ठरलेल्या जागी, नेफ्याशी पक्के टाके घाला.

३९. उरलेलं इलॅस्टिक टाक्यांपासून पाव इंच सोडून कापा.

४०. पहिला जोड मशीनवर दुहेरी टीप मारून पक्का करा. टीप पट्टीच्या काठाला लागून मारा.

४१. दुसरा जोड मात्र हातानेच शिवा, बारीक आणि जवळजवळ टाके घालून. घाईत मशीन मारू नका, याचं कारण शेवटच्या पायरीत आहे.

४२. दोऱ्याच्या सगळ्या गाठी बाहेरच्या बाजूला मारा आणि टोकं दोन पदरांच्या मधे घाला. आत राहिलेली एवढीशी गाठ दिवसभर खड्यासारखी टोचते.

४३. आतून सगळीकडे बोट फिरवा. डोळ्यांना न दिसलेला दोरा, घडी, ताठ कड बोटाला कळते. सापडली की तिथेच नीट करा.

४४. याच मापाचा दुसरा बँड लगेच कापून ठेवा. आमच्याकडच्या मे महिन्यात एक बँड संध्याकाळपर्यंत घामाने ओला होतो, आणि ओला बँड दुसऱ्या दिवशी परत घातला की कपाळावर पुरळ येतं. एक धुतलेला, एक डोक्यावर, असं चालू द्या.

४५. धुताना साध्या साबणाने हाताने चोळा आणि सावलीत वाळवा. पिळू नका, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा.

४६. इलॅस्टिक ढिलं पडलं की हाताने शिवलेला जोड उसवा, इलॅस्टिकचं दुसरं टोकही उसवून जुनं काढा, नवं ओवा आणि जोड परत शिवा. केसांचं तेल आणि घाम यांनी रबर कापडाच्या आधी खराब होतं. कापड तोवर धुऊन धुऊन आणखी मऊ झालेलं असतं, ते फेकू नका. नवं इलॅस्टिक घालताना मात्र डोक्याचं माप परत घ्या. लेकरू वाढतं असेल तर दुसरं माप बदललेलं असतं.