कमळाचे आप्त

श्रीनगरच्या दल सरोवरात कमळे फुलतात आणि काठावर चिनारचे विशाल वृक्ष उभे असतात. एक चिखलात रुजणारी जलवनस्पती, तर दुसरा शतकानुशतके जगणारा वृक्ष. या दोघांत काही नाते असेल, अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. कमळाचे आप्त म्हणून सहज आठवते ते कुमुद.

वनस्पतिशास्त्रज्ञांचाही दीर्घकाळ हाच समज होता. १७५३ मध्ये लिनिअसने कमळाची गणना कुमुदाच्याच वंशात केली. एकोणिसाव्या शतकात बेंथॅम आणि हूकर यांनीही दोघांना एकाच कुलात ठेवले.

तथापि, काही भेद स्पष्ट दिसत होते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचे पान मात्र अखंड असून बहुधा पाण्याबाहेर उंच उठते. कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात. कुमुदाच्या परागकणावर तशा नसतात.

१९९३ मध्ये सुमारे ५०० वनस्पतींच्या हरितलवकातील एका जनुकाची तुलना प्रसिद्ध झाली. तीत कमळ कुमुदापासून दूर, चिनारजवळ आढळले. १९९८ च्या नव्या वर्गीकरणात कमळ, चिनार आणि सिल्व्हर ओक यांची कुले एकाच गणात आली. दक्षिण भारतातील चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, तोच हा सिल्व्हर ओक. या तिघांचा समान पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. कुमुदाची शाखा तर सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षातून फारच आरंभी वेगळी झाली होती.

मग कमळ व कुमुद सारखे का दिसतात? दोघांनाही पाण्यातच जगायचे होते. पसरट पाने आणि देठातील हवेच्या पोकळ्या या सोयी दोघांनीही स्वतंत्रपणे मिळवल्या. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. रूप परिस्थिती घडवते. नाते मात्र वंशपरंपरेने येते. म्हणूनच केवळ बाह्य साम्यावरून नाते ठरवणे धोक्याचे असते. नवा पुरावा मिळताच जुना निष्कर्ष बदलण्याची तयारी, हेच विज्ञानाचे बळ होय.

शब्दार्थ : आप्त – नातेवाईक, तथापि – तरीसुद्धा, अभिसारी – एकाच दिशेने येणारे.

पाठगत प्रश्न
१. कमळ व कुमुद यांतील दोन भेद लिहा.
२. ‘रूप परिस्थिती घडवते, नाते वंशपरंपरेने येते’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.