साडेसोळा मिलिमीटरची रेल्वे

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती चावी दिली की गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी. म्हणून 'सुट्टीत घरी काय केलंस?' या प्रश्नाला 'रेल्वेचा लेआउट मोडला आणि पुन्हा बांधायला घेतला' असं उत्तर दिलं की समोरची आधी हसते आणि मग विचारते, "अगं, पण बांधलेला मोडायचाच कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर द्यायचा हा प्रयत्न. (मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, सांभाळून घ्या.)

आधी थोडी थिअरी. घरी लेआउट करणारे जगभर सगळ्यात जास्त वापरतात ते स्केल म्हणजे एचओ. एचओ म्हणजे 'हाफ ओ'. ओ हे जुनं, मोठं स्केल. त्यात खऱ्या एका फुटाला ७ मिमी धरत. त्याचं निम्मं, साडेतीन मिमी, म्हणजेच १:८७. परदेशातल्या स्टँडर्ड गेजच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी. त्याला ८७ ने भागा, साडेसोळा मिमी येतात. बाजारात मिळणारे एचओचे सगळे रूळ या मापाचे.

आता आपला ब्रॉडगेज घ्या. १६७६ भागिले ८७ म्हणजे सव्वाएकोणीस मिमी! म्हणजे डेक्कन क्वीनचं अगदी बरोबर मॉडेल केलं तर ते विकतच्या रुळांवर बसणारच नाही, पावणेतीन मिमी कमी पडतात. मग दोनच मार्ग. एक तर रूळ, सांधे, चाकं सगळं स्वतः घडवायचं, नाही तर डबा बरोबर मापाचा करून खाली चाकं साडेसोळाचीच ठेवायची. मी दुसरा मार्ग घेतला. प्लॅटफॉर्मच्या उंचीवरून बघितलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गंमत म्हणजे पुणे मेट्रो आणि मुंबई मेट्रो स्टँडर्ड गेजच्या असल्यामुळे त्यांना एचओचा रूळ अगदी तंतोतंत बसतो. कुणाला प्रोजेक्ट हवा असेल तर घ्या!

खरी पंचाईत होते ती वळणावर. आपल्याकडे ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं धरतात. ते ८७ ने लहान केलं तरी दोन मीटर त्रिज्या होते, म्हणजे गाडी वळून परत यायला चार मीटर रुंद खोली पाहिजे. कुणाच्या घरी आहे? सेटबरोबर जे वळणाचे रूळ येतात ते साधारण ३६ ते ४६ सेमी त्रिज्येचे असतात. ४५ सेमी म्हणजे खऱ्या मापात फक्त ३९ मीटर. त्यावर एलएचबीचा लांबलचक डबा घातला की काय होतं, ते आपल्याच फॉर्म्युल्याने काढता येतं. दोन बोगींमधलं अंतर १४.९ मीटर, मॉडेलमध्ये १७१ मिमी. जीवेचा वर्ग भागिले आठ आर. उत्तर येतं ८ मिमी. म्हणजे डब्याचं पोट रुळाच्या मध्यापासून ८ मिमी आत सरकतं, आणि तसंच टोकांचं काढलं तर ती १२ मिमी बाहेर जातात. वळणावर प्लॅटफॉर्म रुळाला चिकटून बांधला असेल तर पहिलीच गाडी त्याची कड घेऊन जाते. बाजूला दुसरा ट्रॅक असेल तर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना 'नमस्कार' करतात.

चढाचंही तसंच. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर पुलाच्या जाडीसकट साडेसात सेमी तरी उंची लागते. बोर घाटाचा चढ १:३७. तोच धरला तर साडेसात सेमी चढायला पावणेतीन मीटरपेक्षा जास्त लांबी हवी. प्लायवूडची शीट आठ फुटी, म्हणजे २.४४ मीटर. चढ पूर्ण व्हायच्या आत प्लायवूड संपतं! मग मंडळी चढ तीव्र करतात आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. खऱ्या घाटात मागून बँकर लावतात, पण मॉडेलमध्ये दोन इंजिनांचा वेग अचूक जुळला नाही तर मधले डबे वळणावर उडतात.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठीही खाद्य आहे. साध्या डीसी पद्धतीत एक रूळ पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह, आणि ध्रुव उलटे केले की गाडी उलटी जाते. आता रुळाला एक मोठा फास देऊन गाडी त्याच लाइनवर परत आणायचा विचार करा. डावा रूळ फिरून येतो आणि उजव्याला भेटतो. थेट शॉर्टसर्किट! यावर उपाय म्हणजे फासाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत गॅप देऊन वेगळा करायचा आणि त्याला वेगळा डीपीडीटी स्विच द्यायचा. हा तुकडा आख्ख्या गाडीपेक्षा लांब हवा. गाडी त्यात असताना मेन लाइनचे ध्रुव उलटे केले की ती थाटात बाहेर पडते. मला वाटतं बेसिक इलेक्ट्रिकलच्या पहिल्या लेक्चरला हे दाखवलं तर मागच्या बाकावरचेही जागे राहतील.

हे सगळं कागदावर आधीच मांडता येतं. मग मोडायची वेळ का येते? कारण काही गोष्टी फक्त चालवूनच कळतात. पहिल्या लेआउटमध्ये बहुतेक जण एक मोठा अंडाकृती ट्रॅक घालतात. गाडी सुंदर फिरते, शेजारचे बघायला येतात. तिसऱ्या आठवड्यात बटण दाबून तुम्ही मोबाइल बघत बसता. गाडीला कुठे जायचंच नसतं! रेल्वे म्हणजे फिरणं नव्हे, काहीतरी कुठूनतरी कुठेतरी नेणं, हे ध्यानात आलं की दुसरा लेआउट डोक्यात सुरू होतो.

या बाबतीत जॉन ॲलन या अमेरिकन माणसाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. हा पेशाने फोटोग्राफर, राहायला कॅलिफोर्नियातल्या माँटरे गावात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने जेमतेम दोन मीटर लांबीचा एक एचओ लेआउट केला. नाव ठेवलं 'गोर अँड डॅफेटिड'. इंग्रजीत भरभर म्हटलं की ते 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं, असा त्याचा विनोद. पुढे त्याने तो वाढवला, आणि १९५० च्या दशकात नव्या घराच्या तळघरात तिसऱ्यांदा, सगळं नव्याने मांडलं. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, जागा मोठी दिसावी म्हणून खुबीने लावलेले आरसे, आणि मळलेले, गंजलेले डबे. त्या काळी मॉडेल म्हणजे चकचकीतच हवं असं मानत. यार्डात शंटिंगला तर एक डायनॉसॉर होता! पण मला सगळ्यात आवडतं ते हे, की त्या प्रचंड तिसऱ्या लेआउटमध्ये त्याने आपला पहिला दोन मीटरचा तुकडा तसाच बसवून घेतला. मित्रांना बोलावून तो टाइमटेबलप्रमाणे गाड्या चालवायचा, नुसत्या फिरवायचा नाही.

जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारला. पुढच्या काही दिवसांतच घराला आग लागली आणि लेआउटचा बहुतेक भाग जळून गेला. उरले ते त्याने काढलेले फोटो आणि लिहिलेले लेख. त्यावरूनच आजही लोक शिकतात. थोडं जवळचं उदाहरण बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे एकदा जरूर जा. मात्र ते प्रेक्षकांसाठी बांधलेलं आहे. घरच्या लेआउटचा प्रश्न निराळा असतो, कारण घरात माणसंही राहतात.

आमच्या रत्नागिरीच्या घरी खालच्या खोलीत आठवीपासून माझा आठ बाय चारचा लेआउट होता. मी बारावीत असताना आजी वाडीवरच्या घरी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. खालची खोली तिला द्यायची, दोन दिवसांत. चर्चेचा प्रश्नच नव्हता. त्या दोन दिवसांत मी जे शिकले ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा डोंगर अखंड निघत नाही, त्याचा भुगाच होतो. खडी मात्र फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून चिकटवलेली होती. तिच्यावर गरम पाणी शिंपडून पंधरा मिनिटं थांबलं की ती मऊ पडते, मग पातळ पट्टी खालून सरकवून रूळ अखंड उचलता येतो. स्क्रूने जोडलेली चौकट तासाभरात सुटली. खिळ्यांनी ठोकलेली करवतीने कापावी लागली. आणि ज्या वायरींवर चिठ्ठ्या होत्या त्याच परत वापरता आल्या, बाकीचं जाळं कापून टाकलं.

तेव्हापासून माझा नियम असा, की कुठलाही भाग जोडताना तो कसा सुटेल ते आधी ठरवायचं. बोर्ड एका मीटरपेक्षा लांब करायचा नाही, म्हणजे एकटीला उचलता येतो आणि दारातून वळतो. दोन बोर्ड बोल्टने जोडायचे आणि जोडावर रूळ काटकोनात न्यायचे, तिरके नेले की दर वेळी जुळवताना रडवतात. डोंगर थर्माकोलचा, वेगळा उचलता येईल असा. वायरिंगला प्रत्येक बोर्डाला एक प्लग. दर मीटरला खालून रुळाला फीडर वायर सोल्डर करायची, कारण नुसत्या जोडपट्ट्यांवर भरवसा ठेवला तर पावसाळ्यात त्या काळवंडतात आणि लांबच्या टोकाला गाडी रेंगाळते. कोकणात तर साधं प्लाय जुलैपर्यंत फुगून वाकतं. वॉटरप्रूफ प्लायला पैसे जास्त पडतात, पण खालून, वरून आणि कडांनाही रंग मारून घेतला तर टिकतं.

आजी मात्र ऐकेना. "माझ्यापायी तुझी गाडी बंद नको," असं म्हणून तिने खिडकीखालची एक फूट रुंदीची फळी मला सोडवून दिली. एक फुटात काय होणार? तर शंटिंगचं कोडं. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश माणसाने केलेला 'इंगलनूक सायडिंग्ज' हा छोटासा लेआउट या छंदात प्रसिद्ध आहे. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन, आणि पुढच्या तुकड्यात इंजिन अधिक तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. आठातून पाच, क्रमासकट, म्हणजे ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२० प्रकार. रोज एक सोडवलं तरी अठरा वर्षं पुरतील!

चिठ्ठ्या आजी काढते, भिशीची काढावी तशा, डोळे मिटून. मग पलंगावरून माझ्या चाली मोजते. पंचवीसच्या वर गेल्या की "तुझ्यापेक्षा तो खरा सांधेवाला बरा" असं ऐकवते. सुट्टी संपवून मी हॉस्टेलला आले की तिचं तीच चालवते. कंट्रोलर तिच्या हाताला येईल असा पलंगाच्या कडेला बसवला आहे आणि सांधे ओढायला दोऱ्या लावल्यात. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाऊन घसरलेली वाघीण परत रुळावर ठेवायची हा तिचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या फेऱ्यांना ती कंटाळते, याला नाही.

एचओमध्ये हे सगळं दीड मीटरच्या आत बसतं. आपल्या हॉस्टेलची कॉट सहा फुटी, म्हणजे १८३ सेमी. बोर्डाचे दोन तुकडे करून कॉटखाली सरकवले तर सूटकेसलाही जागा उरते. खर्चात वाटा उचलायला तयार असलेल्या दोघीतिघी मिळाल्या, तर पुढच्या सेमिस्टरला, सबमिशन संपल्यावर, करून बघायचा विचार आहे. रेक्टर मॅडमनी हा अंक वाचला असेल तर परवानगीचा अर्ज वेगळा द्यावा लागणार नाही, अशी आशा!